बाबासाहेबांचा 'एन्डॉस्मॉसिस' आणि आपल्या भिंती

बाबासाहेबांच्या इंग्रजी लिखाणात एक शब्द असा आहे की तिथे आपल्या बहुतेक वाचनवर्गांची गाडी अडते. तो शब्द म्हणजे 'एन्डॉस्मॉसिस'. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने रद्द केलेलं आणि बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतःच्या खर्चाने छापलेलं ते भाषण आपण सगळ्यांनी कधी ना कधी हातात घेतलेलं आहे. जात नको तर मग तुमचा आदर्श समाज कोणता, या प्रश्नाला ते स्वातंत्र्य, समता आणि बंधुता असं उत्तर देतात. आणि बंधुता म्हणजे काय हे सांगताना, जिथे दुसरा कुणीही 'प्रेम' किंवा 'एकोपा' म्हणून मोकळा झाला असता, तिथे बाबासाहेब जीवशास्त्रातला हा शब्द आणून ठेवतात : 'सोशल एन्डॉस्मॉसिस'. त्याच्या पाठोपाठ ते सांगतात की बंधुता ती हीच, आणि लोकशाही हे तिचंच दुसरं नाव.

म्हणजे हा शब्द सजावटीला आलेला नाही. बंधुतेची आणि लोकशाहीची व्याख्या त्यावर उभी आहे. आणि आपण काय करतो? वाचणारा अडखळतो, मागून कुणीतरी म्हणतं 'म्हणजे अभिसरण', सगळे माना डोलावतात आणि पान उलटतं. माझं म्हणणं आहे की हे पान इतक्या सहज उलटू नये.

लातूरला आम्ही काहीजण रविवारी संध्याकाळी विहारात असा वर्ग घेतो. येणाऱ्यांत निम्मी मुलं-मुली नीटच्या क्लाससाठी आलेली असतात. आईबापांनी ऊसतोडीच्या उचलीतून, कुठे मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरलेली. त्यांच्याकडे वेळ नसतो, तरी येतात. त्या दिवशी हा शब्द आला आणि औसा तालुक्यातली एक मुलगी हसून म्हणाली, "दादा, हे तर आमच्या बायोलॉजीत आहे की. मनुक्याचा प्रयोग." आणि तिने तो फळ्यावर काढून दाखवला. सुकलेला मनुका साध्या पाण्यात ठेवला की काही तासांनी टम्म फुगतो. त्याच्या सालीतून पाणी आत जातं. हे अंतःपरासरण, म्हणजे एन्डॉस्मॉसिस. तोच फुगलेला मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाकला की पाणी बाहेर पडतं आणि तो पुन्हा आक्रसतो. ते बहिःपरासरण. समाजशास्त्रात एम.ए. करताना डेमॉक्रसीवर मी ढीगभर टिपणं काढली, पण इतकी नेमकी एकही नव्हती.

मग तिनेच विचारलं, "पण दादा, पडद्यातून पाणीच जातं, मीठ-साखर जात नाही. मग बाबासाहेबांना काय पलीकडे जायला पाहिजे होतं?"

या प्रश्नावर आमचे दोन रविवार गेले.

शब्दाचा प्रवास आधी पाहू. ग्रीक भाषेत 'एन्डॉन' म्हणजे आत आणि 'ऑस्मॉस' म्हणजे ढकलणं, रेटा. आंरी द्युत्रोशे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात हा शब्द घडवला. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना दोन द्रव ठेवले तर पडदा न फाटता ते एकमेकांकडे जातात, हे त्याने पाहिलं होतं. त्याच्या मते प्रवाह दोन असतात, एक जोराचा आणि एक मंद. पुढे विज्ञानात नुसता 'ऑस्मॉसिस' राहिला आणि मूळ शब्द पुस्तकांत मागे पडला. पण साहित्य आणि तत्त्वज्ञानवाल्यांनी तो उचलला. आंरी बर्गसाँ या तत्त्वज्ञाने १८८९ च्या आपल्या ग्रंथात मनाच्या आतला काळ आणि बाहेरचं अवकाश एकमेकांत कसे झिरपतात हे सांगायला तो वापरला. आणि १९१६ साली जॉन ड्यूई यांनी 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या पुस्तकात त्याला समाजात आणलं. त्यांचा मुद्दा असा की समाजाची विशेषाधिकारवाला वर्ग आणि ताबेदार वर्ग अशी फाळणी झाली की हे अंतःपरासरण बंद पडतं. आणि नुकसान फक्त खालच्यांचं होत नाही. वरच्यांचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही इतकंच. त्यांची संस्कृती वांझ होते, कला नुसती दिखाऊ होते.

ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे शिक्षक. पुस्तक निघालं त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले. त्या १९३६ च्या भाषणात त्यांनी ड्यूईंचं ऋण नाव घेऊन मान्य केलं आहे. (जाता जाता : १९५२ साली कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती ५ जूनला, आणि ड्यूई वारले १ जूनला. चार दिवसांनी चुकामूक झाली.)

पण बाबासाहेबांनी हा शब्द पहिल्यांदा १९३६ साली वापरला असं समजू नका. १९१९ च्या जानेवारीत, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणारी ही समिती. बाबासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्या लेखी निवेदनात हा शब्द आहे. तिथला युक्तिवाद माझ्या शब्दांत असा : माणसं शेजारी शेजारी राहतात म्हणून एका मनाची होत नाहीत, आणि दूर राहतात म्हणून वेगळ्या मनाचीही होत नाहीत. एकमेकांच्या कामात, व्यवहारात भाग घेतला तरच मनं जुळतात. समाजात गट असणं हे मूळ दुखणं नाही. गट एकमेकांपासून तुटलेले असणं हे दुखणं आहे. जिथे गटागटांत अंतःपरासरण होतं तिथे जुन्या सवयी मोडून नवी, सगळ्यांच्या हिताची जाणीव तयार होते.

आणि या युक्तिवादावरून त्यांनी मागितलं काय? "आमच्याशी प्रेमाने वागा" असं नाही मागितलं. अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी सैल करा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना निवडू द्या, अशी मागणी केली. मित्रांनो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या शब्दाने पुढे बंधुतेची व्याख्या झाली, तो त्यांच्या लिखाणात आधी आला तो प्रतिनिधित्वाच्या मागणीसोबत. ज्यांना बाबासाहेबांची बंधुता हवी असते आणि आरक्षण बोचतं, त्यांनी १९१९ चं निवेदन वाचावं. दोन्ही एकाच मुळातून निघालेलं आहे.

आता 'अभिसरण'. 'सामाजिक अभिसरण' हा शब्द आपल्या तोंडात बसलाय. मी पण भाषणात वापरतो, लोकांना कळतो. पण रक्ताभिसरण आठवा. एकच शरीर, एकच रक्त, ते आपल्याच नळ्यांतून फिरून पुन्हा हृदयात येतं. नळीला भोक पडून ते बाहेर गेलं तर तो आजार. जातीच्या आत असं अभिसरण उत्तम चालू असतं. वधू-वर मेळावे, पतसंस्था, वसतिगृहं, व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे. रक्त छान फिरतं आणि त्याच त्या शरीरात फिरतं. बाबासाहेबांच्या शब्दात मात्र पडदा आहे, आणि पडद्यापलीकडे दुसरं कुणीतरी आहे. 'अभिसरण' म्हटलं की ते दुसरं माणूसच गायब होतं.

दुसरा शब्द जास्त धोक्याचा : समरसता. १९८३ च्या १४ एप्रिलला, आपला दिवस गाठून, पुण्यात समरसता मंचाची स्थापना झाली. समरस होणं म्हणजे विरघळणं. मिठाच्या खड्याने पाण्यात समरस व्हायचं. पाण्याने काय व्हायचं हे कुणी विचारत नाही. मनुका पाण्यात विरघळत नाही. तो मनुकाच राहतो, फक्त सुरकुत्या जातात. बाबासाहेबांनी १९५६ साली लाखो लोकांना वेगळी दीक्षा दिली, आणि तरीही त्यांची बंधुता सगळ्या समाजासाठीच होती. विरघळण्याच्या हिशेबात या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. पडद्याच्या हिशेबात बसतात.

लातूरचा माणूस म्हणून मला आणखी एक गोष्ट सुचते. हा शब्द ज्या शास्त्रातला, त्याचं एक मशीन आमच्या गल्लीगल्लीत आहे. आरओ. ऑस्मॉसिसची उलटी क्रिया. २०१६ साली आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली, हे सगळ्या देशाने पाहिलं. जारचं पाणी त्याआधीही होतं, पण आता लग्नापासून मयतीपर्यंत जारशिवाय पान हलत नाही. मशीन दुरुस्त करणारा पोरगा सुद्धा 'मेंब्रेन गेलंय' म्हणतो, इतका तो शब्द आमचा झालाय.

हे मशीन काय करतं? नैसर्गिकरीत्या पाणी ज्या दिशेने जाईल, त्याच्या उलट दिशेने त्याला मोटार लावून रेटतं. एका नळीतून शुद्ध पाणी येतं, दुसरीतून टाकाऊ. ध्यानात घ्या, दोन्ही पाणी एकाच टाकीतलं. आत जाताना त्यात शुद्ध-अशुद्ध असा भेद नव्हता. एक बाजू शुद्ध करायची म्हणूनच दुसरी बाजू टाकाऊ तयार होते आणि गटारात सोडली जाते. आणि दाब सतत लागतो. दाब काढला की निसर्ग पाण्याला पुन्हा उलट ओढू लागतो.

बाबासाहेबांच्या काळात हे यंत्र नव्हतं, म्हणून ही उपमा त्यांची नाही, माझी आहे. पण विचार त्यांचाच आहे. ९ मे १९१६ ला कोलंबियात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी हेच दाखवलंय. बाहेरच्या कुळात लग्न करणं ही इथल्या लोकांची मूळ रीत होती. आपल्याच गटात लग्न हे त्यावर लादलं गेलं, आणि तिथून जात सुरू झाली. आणि ते लादलेलं टिकवायला काय काय लागलं? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. जात म्हणजे निसर्ग नाही. जातीला मोटार लागते, आणि ती चोवीस तास चालू ठेवावी लागते. ती पहिल्यांदा बाईच्या अंगावर चालली.

ही मोटार आजही ऐकू येते. जातपंचायती माणसांना वाळीत टाकतात म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग हे कारण असल्याचा आरोप आहे. कुठलीही भिंत आपोआप उभी राहत असती तर इतक्या मारेकऱ्यांची गरज पडली नसती.

सगळी मोटार अशी आवाज करत नाही. मी शिकायला लातुरात आलो तेव्हा एका घरमालकाने माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग "घरात काय खाता?" आणि शेवटी सांगितलं, "खोली कालच गेली." खोलीच्या दारावरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पंधरा दिवस तशीच होती. आता मी पोरांना खोल्या शोधून देतो. प्रश्नांचा क्रम अजून तोच आहे. क्लासमध्ये हीच मुलं एका बाकावर बसतात, एकच टेस्ट सिरीज सोडवतात, एकाच टपरीवर चहा पितात आणि रात्री आपापल्या आडनावाच्या खोलीत जातात. १९१९ च्या निवेदनातला मुद्दा समजून घ्यायला लातूरसारखं शहर नाही. इतकी माणसं इतक्या जवळ, आणि पडद्यातून काही जात नाही.

वर्गात एका मुलाचा सवाल आला, आणि तो रास्त होता. "दादा, त्यांना नको असेल तर आपण कशाला मागं लागायचं? आपलं आपण बघू." हा राग मला कळतो. पण बाबासाहेबांनी मागे लागायला सांगितलेलंच नाही. पडदा मोकळा करायचा म्हणजे आर्जवं करायची असं नाही. हक्क घेऊन बरोबरीने आत जायचं आणि आपल्याकडे येणाऱ्याला दार ठेवायचं. महाडच्या वेळी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंब्याला अट घातली की चळवळीत ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती नाकारली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा गंगाधर सहस्रबुद्धे पुढे होते. १९५० साली औरंगाबादला जे कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद, ते फक्त आपल्या मुलांचं काढलं नाही, सगळ्या जातींना खुलं ठेवलं. तोपर्यंत उच्च शिक्षणाला पारखी असलेली मराठवाड्याची किती घरं त्या दारातून आत गेली!

आता त्या मुलीचा प्रश्न. पलीकडे काय जायचं? त्या १९३६ च्या पानावर उत्तर आहे : हितसंबंध, अनुभव, एका भागात झालेला बदल. समाजाच्या एका कोपऱ्यात काही बदललं तर ते दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचायला वाटा हव्यात. आणि पुढे 'रिडल्स'मध्ये ते म्हणतात की बंधुता हा शब्दही अपुरा आहे, बुद्धाचा 'मैत्री' हा योग्य शब्द. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे माणूस तसाच राहतो, त्याचं दुःख पलीकडे कळतं." मी यात काही भर घातली नाही.

मात्र हा सगळा हिशेब फक्त सवर्णांच्या दारात मांडून आपल्याला सुटता येणार नाही. लातूर-नांदेडच्या खेड्यात फिरणाऱ्या कुणालाही माहीत आहे : बौद्ध वस्ती एकीकडे, मातंग वस्ती एकीकडे. १४ एप्रिलची मिरवणूक एका गल्लीतून, १ ऑगस्टची दुसऱ्या. दोन पुतळे, दोन समाजमंदिरं, आणि लग्नाचं तर नावच नको. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमकं अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. त्या दिवसापासून आपल्या ग्रुपांत काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय. उपवर्गीकरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, मला त्या निकालावरचा वाद इथे घालायचा नाही. मला विचारायचं आहे ते असं : "तुमची पोरं पुढं गेली, आमची मागं राहिली" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या तोंडून ऐकलं? आणि किती जणांनी ते फक्त फॉरवर्ड होऊन आलेलं वाचलं? तुटलेल्या गटांत भांडण चालूच राहतं हा सिद्धांत बाबासाहेबांनी फक्त सवर्णांसाठी लिहिलेला नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे १९७८ साली नामांतराच्या आगीत मारले गेले. ते जन्माने मातंग होते आणि त्यांच्या तोंडी जयभीम होता. दरवर्षी आपण शहिदांच्या यादीत त्यांचं नाव वाचतो. त्यांच्या समाजाच्या वस्तीत मात्र ती यादी वाचायला जात नाही. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हेही आपण अभिमानाने सांगतो. वाचली किती जणांनी?

हे मी उगाच विचारत नाही. गेल्या महिन्यात आम्ही आमच्या विहारापासून दहा मिनिटांवर असलेल्या मातंग वस्तीत जाऊन म्हटलं, पुढचे चार रविवार वर्ग तुमच्या समाजमंदिरात घेऊ, १९३६ चं भाषण एकत्र वाचू. तिथल्या पोरांनी ऐकून घेतलं. चहा दिला. मग त्यांच्यातला एकजण, वायरिंगची कामं करतो, म्हणाला, "वाचू ना. पण दोन रविवार तुमचं, दोन रविवार आमचं. पहिल्यांदा फकिरा." आमच्या बाजूच्या दोघांचे चेहरे जरा उतरले. एकाने बाहेर आल्यावर कुरबूरही केली की विषय भरकटेल.

आम्ही हो म्हणून आलोय. वर्गातल्या बावीस जणांत आतापर्यंत 'फकिरा'च्या तीन प्रती निघाल्या आहेत, त्यातल्या एकीला मुखपृष्ठ नाही. अजून दोन-तीन कुणाकडे असतील तर रविवारच्या आत पोचवा.

जयभीम.